बिऱ्हाड घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा

ज्या घरात सहा-सात वर्षांचे एक मूल आहे आणि त्याच्या पाठचे दुसरे अद्याप रांगते आहे, त्या घराने वर्षभर पृथ्वीप्रदक्षिणेस निघावे काय, असा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी कोणी विचारला असता, तर विचारणाऱ्याच्या प्रकृतीविषयीच प्रथम चौकशी झाली असती. परंतु चेन्नईच्या दक्षिण अंगास असलेल्या वेलचेरीसारख्या उपनगरात, जेथे दंडीश्वराचे चोळकालीन देवालय, आक्रसत चाललेले तळे आणि संगणकव्यवसायातील नोकरदारांच्या उंच इमारती एकमेकांच्या सावलीत उभ्या आहेत, आणि जेथून मीनंबाक्कमचा विमानतळ अगदी जवळ आहे, तेथे हा प्रश्न आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी सहजगत्या निघतो. महामारीच्या दोन वर्षांत वडिलांची कचेरी आणि मुलांची शाळा ही दोन्ही एकाच संगणकावरून चालली. तेव्हा तो संगणक लिस्बनला नेला काय आणि क्योतोला नेला काय, असा युक्तिवाद तरुण दांपत्ये करतात, आणि वरवर पाहता तो बिनतोड आहे.

पळणीच्या डोंगराशी निगडित असलेली कथा तामिळ देशात लहान मुलांनाही ठाऊक आहे: एका फळासाठी पैज लागली, कार्तिकेय मोरावर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस गेला आणि गणपतीने आईबापांभोवतीच फेरी घालून फळ पटकावले. त्या कथेत आईबाप जागचे हलत नाहीत, हे त्यांचे शहाणपण म्हटले पाहिजे. आजचे आईबाप मात्र दोन्ही मुलगे, मोर, उंदीर आणि सगळे सामानसुमान घेऊन स्वतःच निघू म्हणतात. याला माझी हरकत नाही. परंतु एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतली पाहिजे की, मुलांसह केलेला दीर्घ प्रवास हा स्थळे पाहण्याचा प्रवास राहतच नाही. ते एक चालते घर होते. आणि रात्रीचे छप्पर, आजाऱ्याला वैद्य, मुलांना गुरू व पोटाला अन्न यांची जी तजवीज स्थिर घरात शेजारपाजार, गाव आणि सरकार यांच्या आधाराने आपोआप होत असते, ती चालत्या घरात कोणी करावयाची, या एका मुद्द्यावरच असे प्रवास तरतात किंवा बुडतात.

ही तजवीज राज्यसंस्थेने अंगावर घेतल्याचे एक ठळक उदाहरण मराठी माणसाच्याच इतिहासात आणि याच तामिळ भूमीत सापडते. तंजावरच्या भोसले राजांनी रामेश्वराच्या वाटेवर जी छत्रे बांधली, त्यांचे उत्पन्न इंग्रजांच्या कारभारात जिरून जाईल या धास्तीने सरफोजी राजांनी १८०१ साली तेथील रेसिडेंटाला एक विस्तृत पत्र लिहिले, आणि त्यात छत्रांतील व्यवस्था कलमवार सांगितली. येणाऱ्या-जाणाऱ्याला अन्न मिळे, हे तर कोणत्याही धर्मशाळेचे वर्णन झाले. या पत्राचे वैशिष्ट्य असे की, त्यात वाटसरूंचे कुटुंब सतत डोळ्यांसमोर आहे: तान्ह्या मुलांना दूध द्यावयाचे, वाटेत दिवस भरलेली गर्भवती आली तर तिचे बाळंतपण छत्रातच करावयाचे आणि त्यानंतरही तीन महिने तिला ठेवून घ्यावयाचे, आजाऱ्यासाठी वैद्य, सर्पदंशासारख्या विषबाधेवर उपचार जाणणारा निराळा, आणि वाटेतच आईबाप गमावलेल्या परक्या मुलांना पंतोजींच्या हवाली करून त्यांचे जेवणखाण, तेलन्हाण आणि शिक्षण चालवावयाचे. ज्याने ही कलमे लिहिली किंवा लिहवून घेतली, त्याला कुटुंबकबिल्याच्या प्रवासातील भय नेमके कोठे असते ते ठाऊक होते. तीर्थयात्रेचे पुण्य सर्वच ग्रंथ सांगतात. तिसऱ्या मुक्कामी मुलाला जुलाब झाले तर काय करावे, हे सांगणारा कागद विरळा.

हेच सरफोजी राजे १८२० साली स्वतः काशीयात्रेस निघाले आणि सुमारे तीन हजार माणसांच्या लवाजम्यासह दोन वर्षांनी परतले. त्यांच्या नावावर असलेली ‘देवेंद्र कोरवंजी’ ही मराठी रचना तर प्रस्तुत विषयाला फारच जवळची आहे. भविष्य सांगत गावोगाव हिंडणारी कोरवंजी तीत इंद्राणीला पृथ्वीवरील खंडांचे आणि देशांचे वर्णन ऐकवते. भूगोल शिकवावयाचा तर तो भटक्या बाईच्या तोंडून शिकवावा, ही कल्पना कोणत्याही क्रमिक पुस्तकापेक्षा अधिक बुद्धीची आहे. आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरात बसून मराठीत पृथ्वीचा भूगोल गाणाऱ्यांचे कौतुक महाराष्ट्राने अद्याप पुरेसे केलेले नाही, हेही जाता जाता नमूद करतो.

परंतु छत्राच्या आधाराने पंधरा दिवस चालणे निराळे आणि सारे बालपण वाटेवर काढणे निराळे. या दुसऱ्या प्रकारचे सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दारुण उदाहरण म्हणजे अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब होय. अनंतशास्त्री मूळचे मंगळूरकडचे चित्पावन. तरुणपणी पुण्यात ज्या गुरूंजवळ ते शिकले, ते दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून देववाणी ऐकून आपल्या पत्नीलाही ती शिकवावयाची, असा निश्चय त्यांनी तेथेच केला. पुढे हा निश्चय पार पाडण्यासाठी आणि स्वकीयांचा विरोध चुकवण्यासाठी ते सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात पाठशाळा घालून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या कन्येचा, रमाबाईंचा, जन्म झाला. आतिथ्यात द्रव्य संपले, कर्ज झाले, आणि हे कुटुंब तीर्थाटनास बाहेर पडले. त्या वेळी रमा अवघी सहा महिन्यांची होती, आणि वेताच्या पेटाऱ्यात घालून तो पेटारा एका माणसाच्या डोक्यावर देऊन तिला गंगामूळहून खाली आणण्यात आले. आजच्या आईबापांना विमानात मांडीवर बसवलेल्या बाळाची जी काळजी वाटते, तिच्याशी हा पेटारा ताडून पाहावा.

त्यानंतर सुमारे सोळा वर्षे हे कुटुंब पायी हिंडत राहिले. एखाद्या क्षेत्री मुक्काम करावा, देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचावे, श्रोते जे धान्य, फळे, वस्त्र, पैसा ठेवतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढे चालावे, असा क्रम होता. या क्रमात शाळा कोठे होती? ती आईजवळ होती. आई लक्ष्मीबाईंना दिवसभर घरकामातून सवड नसे, म्हणून त्या पहाट होण्यापूर्वी धाकट्या मुलीला जवळ घेऊन, गोंजारून जागे करीत आणि उजाडेपर्यंत पाठ देत. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक रमेला मुखोद्गत झाले होते, असे चरित्रकार सांगतात. मराठी घरात होतीच. कानडी, हिंदुस्थानी आणि पुढे बंगाली या भाषा वाटेने दिल्या. येथे एक बारकावा नजरेतून निसटू नये. ‘प्रवास हीच शाळा’ असे वाक्य आजकाल फार ऐकू येते. परंतु डोंगऱ्यांच्या घरी प्रवासाने भाषा दिल्या आणि विद्या दिली ती नेमाने. रोज ठरावीक वेळी, जागा कोणतीही असो, तोच ग्रंथ उघडणारी आई नसती, तर रमाबाई अनेक भाषा बोलणारी एक यात्रेकरू स्त्री झाली असती. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, ती झाली नसती.

याच कुटुंबाचा शेवटही तितक्याच स्पष्टपणे सांगितला पाहिजे. पुराणिकाची उपजीविका ऐकणाऱ्याच्या सुगीवर अवलंबून असते. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा ज्यांच्याच घरात दाणा नव्हता ते पोथीपुढे काय ठेवणार? पुराणकथनाखेरीज दुसरा कोणताही उद्योग या कुटुंबाला येत नव्हता, शिल्लक संपली होती, आणि आसरा देईल असे गावही उरले नव्हते, कारण सोळा वर्षांत ते कोणत्याच गावाचे राहिले नव्हते. प्रथम वडील गेले, मागोमाग आई आणि काही महिन्यांनी थोरली बहीण कृष्णाबाई. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, उत्तरेकडे चालत निघाली. चालत्या घराला चांगल्या दिवसांत स्थिर घरापेक्षा कमी लागते, आणि वाईट दिवसांत कितीतरी अधिक.

पुढे स्वतः आई झाल्यावर रमाबाईंनी काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. कन्या मनोरमा १८८१ च्या एप्रिलात जन्मली. दुसऱ्याच वर्षी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. आणि १८८३ साली दोन वर्षांच्या मुलीला घेऊन रमाबाई जहाजाने इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथील जोगिणींच्या मठात मुलीची व्यवस्था लागली आणि आईला चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात शिकता व शिकवता आले. १८८६ च्या प्रारंभी आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी मायलेकी अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला पोहोचल्या. नंतर मात्र, अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत हिंडावे लागणार हे दिसताच, रमाबाईंनी त्याच वर्षी मनोरमेला वाँटेजला परत धाडले. १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जपान आणि हाँगकाँगमार्गे त्या १८८९ च्या आरंभी मायदेशी आल्या, आणि अशा रीतीने त्यांची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. पण या शेवटच्या, प्रशांत महासागराच्या टप्प्यात मूल बरोबर नव्हते. जिचे स्वतःचे बालपण पेटाऱ्यापासून वाटेवर गेले, तिने आपल्या मुलीला स्थिर अंथरूण आणि ओळखीची माणसे द्यावयाचे ठरवले. या निर्णयाबद्दल त्या काळी आणि नंतरही बोलणाऱ्यांनी बोलून घेतले. मला त्यात अनुभवाचे शहाणपण दिसते: आईच्या कामाचा वेग आणि पाच वर्षांच्या मुलाचा वेग यांचा मेळ बसत नसेल, तर दोघांपैकी एकाने थांबावे लागते.

वर्तमानकाळातील ज्या कुटुंबाची हकिकत या विषयात पुन्हा पुन्हा सांगितली जाते, ते अर्जेंटिनाचे झाप कुटुंब होय. हर्मान आणि कांदेलारिया हे दांपत्य २५ जानेवारी २००० रोजी बुएनोस आइरेसहून १९२८ सालच्या ग्रॅहम-पेज मोटारीतून निघाले, ते सहा महिन्यांत अलास्काला पोहोचू अशा हिशेबाने; परतले १३ मार्च २०२२ रोजी, सुमारे ३ लाख ६२ हजार किलोमीटर आणि १०२ देश पालथे घालून. मध्यंतरी चार मुले झाली: पहिले अमेरिकेत, दुसरे अर्जेंटिनात, तिसरे कॅनडात, चौथे ऑस्ट्रेलियात. मोटारीच्या वेगाचे त्यांना कधी वैषम्य वाटले नाही, आणि मला वाटते की शंभर वर्षांपूर्वीची ती संथ मोटारच त्यांच्या मुलांच्या पथ्यावर पडली असावी. त्यांचा चरितार्थ कसा चालला? प्रवासावरचे स्वतःचे पुस्तक विकून, आणि गावोगावच्या अनोळखी यजमानांच्या घरी उतरून. अनंतशास्त्र्यांच्या पोथीशी याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल. फरक इतकाच की, झाप कुटुंबाच्या पोथीला एका देशात गिऱ्हाईक नसले तर दुसऱ्या देशात होते.

वेलचेरीच्या संगणकतज्ज्ञाची पोथी म्हणजे त्याची दूरस्थ नोकरी. तिच्यातील अडचण दुष्काळाची नसून कायद्याची आहे. पर्यटकाच्या व्हिसावर परक्या देशात बसून काम करण्याची मुभा बहुतेक ठिकाणी एक तर नसते, नाहीतर संदिग्ध असते. एस्टोनियाने १ ऑगस्ट २०२० पासून अशा फिरत्या नोकरदारांसाठी स्वतंत्र व्हिसा सुरू केला, आणि पुढे स्पेनसह अनेक देशांनी तो कित्ता गिरवला. परंतु त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, विमा आणि कित्येकदा कुटुंबातील प्रत्येक माणसामागे वाढत जाणारी किमान कमाई दाखवावी लागते. मालकाची लेखी मंजुरी हवी हे निराळे. आणि एकाच देशात वर्षातील बरेच महिने काढले, तर तेथील प्राप्तिकराचा तगादाही मागे लागू शकतो.

कागदपत्रांचा हा मामला मुलांच्या बाबतीत अधिकच किचकट आहे. पूर्वी मुलांची नावे आईबापांच्या पासपोर्टातच चढवीत. आता तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. अल्पवयीनाच्या पासपोर्टाची मुदत पाच वर्षे किंवा अठरावे वर्ष पुरे होईपर्यंत, यांतील जी आधी संपेल ती. आणि अनेक देश हद्दीवर मुदतीचे किमान सहा महिने शिल्लक असल्याखेरीज आत घेत नाहीत, म्हणजे पाच वर्षांचा परवाना प्रत्यक्षात साडेचारच वर्षांचा धरावा. एकटी आई किंवा एकटा बाप मुलासह प्रवास करीत असेल, तर दुसऱ्याचे संमतिपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ बाळगणे इष्ट. भांडणाऱ्या आईबापांपैकी एकाने मूल घेऊन परदेशी निघून जावे, असे प्रकार जगभर घडतात, आणि त्यांच्या प्रतिबंधासाठी १९८० साली हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करारही झाला, ज्यात भारत सामील नाही. हद्दीवरचा अधिकारी जेव्हा लहान मुलाकडे वाकून ‘ही तुझी कोण?’ असे विचारतो, तेव्हा त्यात उद्धटपणा नसतो.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिका वाटेवर असेल तर लागणाऱ्या पीतज्वराच्या लशीसाठी मात्र वेलचेरीकरांना दूर जावे लागत नाही. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी कर्नल किंग यांच्या नावाची किंग संस्था शेजारच्या गिंडीतच आहे, आणि ही लस टोचून आंतरराष्ट्रीय दाखला देण्याचा अधिकार तिला आहे. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, आणि ११ जुलै २०१६ पासून त्याची मुदत आजन्म धरली जाते. आपले सरकार या बाबतीत कडक आहे, आणि त्याला सबळ कारण आहे: हा रोग पसरवणारा एडिस डास आपल्याकडे मुबलक आहे, रोग मात्र नाही, एका रोग्यानिशी तो शिरला तर हाहाकार होईल. म्हणून ब्राझील, केनिया यांसारख्या देशांतून सहा दिवसांच्या आत दाखल्याविना परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत अलग ठेवता येते. आता ही जिवंत विषाणूंची लस असल्यामुळे नऊ महिन्यांखालील अर्भकास ती सहसा देत नाहीत. तेव्हा अंगावर पिणारे मूल बरोबर असेल, तर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका हे टप्पे प्रवासाच्या उत्तरार्धात टाकावेत, किंवा ते मूल जरा मोठे होईपर्यंत प्रवासच पुढे ढकलावा.

दिशा कोणती धरावी? माणसाच्या शरीरातील घड्याळाचा दिवस सरासरीने चोवीस तासांहून किंचित मोठा असतो, म्हणून झोप पुढे ढकलणे सोपे आणि अलीकडे ओढणे कठीण. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तेव्हा मुलांना ते मानवते. चेन्नईहून दुबईला दीड तासाचा फरक, इस्तंबूलला अडीच, अशा लहान पायऱ्यांनी उतरले तर शरीराला त्रास जाणवतही नाही, कारण दिवसाकाठी सुमारे एक तास इतके ते स्वतःहून जुळवून घेते. पूर्वेकडे निघून एकदम प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या घरात मात्र आठवडाभर पहाटे दोनला मुले खेळत बसलेली असतात, आणि आईबापांचा विवाह कसोटीला लागतो. पश्चिममार्गाची एक किंमत आहे: पंचांगातील एक आख्खा दिवस नाहीसा होतो. मॅगेलनच्या मोहिमेतील उरलेले खलाशी १५२२ च्या जुलैत केप व्हर्द बेटांना लागले, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. रोजनिशी लिहिणारा पिगाफेट्टा चक्रावून गेला, कारण त्याने एकही दिवस गाळला नव्हता. सामोआ देशाने तर वाररेषेची बाजू बदलताना ३० डिसेंबर २०११ हा दिवस साऱ्या प्रजेच्या आयुष्यातून वगळला. ज्या मुलाचा वाढदिवस असा समुद्रात बुडेल, त्याची समजूत काढताना पृथ्वीच्या परिवलनाचा धडा जितका पक्का होतो तितका वर्गात होत नाही.

विमानभाड्याचा नियम ढोबळमानाने असा, की दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसून सुमारे दशांश भाड्यात जाते आणि प्रवासातच त्याचा दुसरा वाढदिवस झाला तर पुढच्या टप्प्याला त्याची स्वतंत्र जागा घ्यावी लागते. विमान उतरताना मुले रडतात ती हट्टाने नव्हे. कान आणि घसा जोडणारी नळी त्यांच्यात आखूड व अधिक आडवी असल्यामुळे दाब समतोल होण्यास वेळ लागतो, आणि गिळण्याने ती उघडते, म्हणून त्या वेळी दूध किंवा पाणी पाजावे. गाडी लागण्याची व्याधी दोन वर्षांखाली क्वचित, आणि दोन ते बारा या वयात सर्वाधिक.

राहता राहिली शाळा, आणि वेलचेरीतील बहुतेक बेत येथेच येऊन अडतात. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे, आणि त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य अशा इयत्तेत घेऊन, मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिक्षण द्यावयाचे असते. वर्षभर जग हिंडून आलेली चौथीतील मुलगी कायद्याने पाचवीला मुकत नाही. मात्र हा हक्क सरकारी शाळेत निर्विवाद चालतो. खासगी शाळेत जागा शिल्लक असेल तर, आणि ती वर्षभर राखून ठेवावयाची तर बहुधा वर्षाची फी भरून. दहावीचे वर्ष जवळ आलेल्यांना १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेचा मार्ग मोकळा आहे, पण तिच्या माध्यमिक परीक्षेस किमान चौदा वर्षांचे वय लागते. या सर्वांचा विचार करता आठ ते बारा हे वय प्रवासास सर्वांत सोयीचे, असे माझे मत झाले आहे: मूल चालते, वाचते, पाहिलेले ध्यानात ठेवते, आणि परीक्षांचा फास अद्याप गळ्यात पडलेला नसतो. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून रजेची मंजुरी लेखी घ्यावी, आणि ती देण्यास ते राजी नसतील तर शाळा सोडल्याचा दाखला मागावा. तो तत्काळ देण्याचे बंधन त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने त्यांच्यावर घातले आहे, आणि दाखला मिळण्यास विलंब झाला, एवढ्या सबबीवर पुढील शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.